खिशातली सुतळी

शनिवारची दुपार, अडीचला दहा मिनिटं कमी. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या एका लहानशा फुटबॉल मैदानावर रेफ्री गोलची जाळी तपासत होता. वरच्या दांड्यापासून सुरुवात करून एकेक प्लॅस्टिकची क्लिप बोटाने दाबत तो खाली आला आणि डाव्या खांबापासून हातभर अंतरावर थांबला. तिथला एक धागा तुटला होता. एकच. लांबून दिसलाही नसता. पण या जाळीचा चौकोन साधारण 12 सेंटिमीटरचा, म्हणजे घेर 48. चेंडूचा घेर नियमाने 68 ते 70. मधला एक धागा गेला आणि दोन चौकोनांचा एक झाला की घेर होतो 72. चेंडू घासून का होईना, पण पार जातो. रेफ्रीने हाक मारली नाही, नुसतं त्या जागी बोट ठेवून कठड्याकडे पाहिलं. कठड्याला टेकून चहा पीत असलेले सत्तरीचे एक आजोबा कप तिथेच ठेवून आत गेले, कोटाच्या खिशातून नायलॉनच्या सुतळीचं गुंडाळं काढलं, चार गाठी मारल्या, टोक दातांनी तोडलं. रेफ्रीने मूठ घालून ओढून पाहिलं आणि मान हलवली. आजोबा परत येऊन चहा प्यायला लागले. ते क्लबचे खजिनदार होते हे मागाहून कळलं, पण त्याने फारसा फरक पडत नाही. मनात राहून गेली ती सुतळी. सामना बघायला निघताना हा माणूस ती खिशात टाकून निघतो.

गोलला जाळी आली ती 1891 साली. लिव्हरपूलचे अभियंते जॉन अलेक्झांडर ब्रॉडी यांनी ती शोधून काढली, कारण चेंडू खांबांच्या आतून गेला की बाहेरून, यावर भांडणं होत आणि ती मिटत नसत. आज मोठ्या स्टेडियममध्ये गोल झाला की नाही हे कॅमेरे आणि रेफ्रीच्या घड्याळात वाजणारा इशारा ठरवतो. लहान मैदानावर मात्र जाळीच पुरावा असते. चेंडू जाळीत अडकून राहिला तर गोल, आणि जाळीच फाटकी असेल तर रेफ्रीकडे नुसता अंदाज उरतो. हे फक्त गरीब क्लबांच्याच नशिबी आहे असंही नाही. ऑक्टोबर 2013 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये, होफेनहाइमच्या चकचकीत मैदानावर, लेव्हरकूझेनच्या श्टेफान कीसलिंगचा हेडर खांबाच्या बाहेरून गेला आणि बाजूच्या जाळीतल्या भोकातून आत शिरला. गोल दिला गेला आणि निकालही कायम राहिला. तिथे खिशात सुतळी असलेलं कुणी जवळपास नव्हतं, असं त्या प्रसंगाची आठवण आली की हमखास वाटतं.

इंग्लंडमधल्या वरच्या चार पातळ्यांवरचे 92 क्लब सोडले की खाली नॉन-लीगचा पसारा सुरू होतो. सगळ्यात वर नॅशनल लीग, तिच्याखाली उत्तर आणि दक्षिण, मग चार विभाग, मग आठ, मग सोळा, असं ते झाड खाली फुटत जातं आणि शेवटी गावातल्या रविवारच्या संघांपर्यंत पोचतं. 1987 पर्यंत खालून वर जायचं तर वरच्यांच्या मतांवर अवलंबून राहावं लागे. तेव्हापासून गुणांवर जाता येतं. एवढी माहिती पुरे. बाकीची मैदानावर आपोआप कळते.

शेफील्डचं नाव वर आलं ते उगीच नाही. शहराच्या पश्चिमेला, चढण चढून गेल्यावर क्रॉसपूल नावाचा भाग लागतो आणि तिथे सँडीगेट आहे, हॅलम फुटबॉल क्लबचं मैदान. 1804 पासून तिथे क्रिकेट खेळलं जाई. क्लब निघाला 1860 मध्ये, आणि त्याच वर्षी 26 डिसेंबरला शेफील्ड फुटबॉल क्लब तिथे खेळायला आला आणि 2-0 असा जिंकून गेला. दोन वेगळ्या क्लबांमधला हा पहिला सामना मानतात आणि गिनीज बुकानेही जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान म्हणून सँडीगेटची नोंद केली आहे. 1867 मध्ये नाट्यगृहाचे मालक थॉमस यूडन यांनी ठेवलेला चषक हॅलमने जिंकला. पुढे तो चषक हरवला, कित्येक दशकं कुणाला सापडला नाही, आणि 1997 मध्ये स्कॉटलंडमधल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे निघाला. क्लबने पैसे मोजून तो परत आणला. एवढा वारसा एखाद्या मोठ्या क्लबकडे असता तर त्याचं संग्रहालय झालं असतं आणि दाराशी तिकीट लावलं असतं. इथे रस्त्यालगतच्या फाटकातून आत शिरलं की समोर उतरतं मैदान दिसतं. उतार डोळ्याला सहज जाणवतो, वारा थेट डोंगरावरून येतो, आणि हे सगळं शनिवारी तीनच्या सामन्यासाठी तयार करणारी माणसं बहुतेक बिनपगारी असतात.

सामन्याच्या दिवशी अशा मैदानावर अडीच-पावणेतीनला जाणं म्हणजे अर्धं बघणं चुकवणं आहे. सकाळी दहालाच खरी सुरुवात होते.

पहिला प्रश्न असतो: सामना होणार का? नोव्हेंबर ते मार्च हा प्रश्न जवळपास दर आठवड्याला असतो. शंका असली की क्लब लीगला कळवतो आणि जवळ राहणारा एखादा रेफ्री सकाळी येऊन मैदान बघून जातो, म्हणजे पाहुणा संघ शंभर-दीडशे किलोमीटर बसने येऊन परत जाऊ नये. तो काय बघतो, हे एकदा जवळून बघण्यासारखं आहे. आधी चेंडू खांद्याच्या उंचीवरून सोडतो. उसळला तर बरं; थप्प करून बसला तर त्या जागेभोवती बुटाच्या टाचेने दाबून बघतो. टाच दाबल्यावर कडेने पाणी वर आलं तर माती आतपर्यंत भिजली आहे. मग चेंडू जमिनीसरसा ढकलतो, तो कुठे अडकतो ते बघतो. बहुतेक वेळा अडचण एकदोन ठिकाणीच असते: गोलसमोरच्या खळग्यात आणि उताराच्या खालच्या कोपऱ्यात.

पाणी काढण्याच्या बाबतीत नवख्या क्लबांची हमखास गफलत होते. पाणी साचलेलं दिसलं की रोलर फिरवायचा मोह होतो. रोलरने वरचं पाणी सरकतं खरं, पण ओली माती दाबली गेली की तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या मिटतात आणि पुढचा पाऊस आणखी वर राहतो. एक सामना वाचतो आणि पुढचे चार जातात. जाणती माणसं फोर्क, म्हणजे बागकामाचा लांब दांड्याचा काटा, घेतात. काटे सरळ, दहा-बारा सेंटिमीटर आत, किंचित मागेपुढे हलवून बाहेर. दर वीतभर अंतरावर एक भोक. पाणी हळूहळू खाली उतरतं, उरलेलं लांब रबरी फडक्याने कडेला ओढायचं, आणि वर बारीक धुतलेली वाळू टाकायची. तरी एक हिशेब लक्षात ठेवलेला बरा. 100 बाय 64 मीटरच्या मैदानावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर 6,400 लिटर पाणी होतं. रात्रीत 15 मिलिमीटर झाला आणि खालची माती चिकणी असली, तर दहा माणसं आणि दहा फोर्क काही करू शकत नाहीत. तेव्हा सकाळीच सामना रद्द करणं हाच शहाणपणा, कारण वाफसा नसलेल्या मैदानावर नव्वद मिनिटं बावीस माणसं नाचली की गवत मुळासकट उपटतं आणि एप्रिलपर्यंत परत धरत नाही.

दंवाचं वेगळं. कडाक्याच्या थंडीत गवत गोठलेलं असताना कुणी नुसतं चाललं तरी पात्यातल्या पेशी फुटतात आणि दोन दिवसांनी पावलांचे काळे ठसे उमटतात. म्हणून पहाटे मैदानाची काळजी घेणारा माणूस पाहणी करायला येतो तो कडेकडेने, आणि आत शिरणाऱ्यावर ओरडतो. खालची माती लोखंडासारखी कडक आणि वरचा इंचभर थर उन्हाने मऊ झालेला, ही सगळ्यात वाईट अवस्था. बुटाचे स्टड वरच्या थरात घसरतात, खाली रुततच नाहीत, आणि गुडघे जातात. रेफ्री अशा वेळी सावलीतला कोपरा बघून निर्णय घेतात, कारण उन्हातला भाग बाराला सुटतो पण स्टँडच्या सावलीतला दिवसभर सुटत नाही. मैदानाच्या दक्षिणेला उंच स्टँड बांधणाऱ्या क्लबांना हे पुढची पन्नास वर्षं भोगावं लागतं.

मैदान खेळण्याजोगं ठरलं की रेषा. आपल्याकडे फक्की टाकून मैदान आखलेलं सगळ्यांनी पाहिलं आहे. इंग्लंडमध्ये चुन्याचा वापर आता करत नाहीत, ओल्या चुन्याने कातडी आणि डोळे भाजतात. पाण्यात मिसळायचा पांढरा रंग, चाकाच्या यंत्रात ओतून चालवतात. चाक रंगातून फिरतं आणि गवताच्या पात्यांवर तो लावत जातं. नियमाने रेषा 12 सेंटिमीटरपेक्षा रुंद चालत नाही आणि गोलरेषा खांबाच्या जाडीइतकीच हवी. सगळ्या रेषा मिळून जवळपास सातशे मीटर चालणं होतं. हंगामाच्या सुरुवातीला दोरी लावून, तीन-चार-पाचच्या त्रिकोणाने काटकोन साधून पहिली आखणी होते. पेनल्टी चौकट 40.32 बाय 16.5 मीटरची, दोन्ही कर्ण 43 मीटर 57 सेंटिमीटर भरले की ती सरळ आहे. एक कर्ण जरी वीसेक सेंटिमीटरने वेगळा आला तरी चौकट तिरकी झाली आहे, आणि ती चूक पुढे दर आठवड्याला यंत्र जुन्या रेषेवरूनच फिरत असल्याने वर्षभर टिकते. पाऊस चालू असताना रेषा मारल्या तर रंग पात्यांवरून ओघळून खालच्या चिखलात जातो आणि दोनच्या सुमाराला रेषा दुधाळ पट्ट्यासारख्या पसरतात. म्हणून पावसात दोन उघडिपींच्या मधली वीस मिनिटं साधायची असतात, आणि ती साधणारा माणूस आकाशाकडे बघत यंत्राशेजारी उभा असतो. एकदा का तो चालायला लागला की त्याच्याशी कुणी बोलत नाही. मान वर झाली की रेषा वळते.

साडेबाराच्या सुमाराला चहाच्या खिडकीमागे दिवे लागतात. वीस लिटरचा पाण्याचा बॉयलर थंड पाण्यापासून उकळीला यायला पाऊण तास घेतो, म्हणून तो सगळ्यात आधी. त्यातून शंभरएक कप निघतात, आणि ते सगळे मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत लागतात. त्यामुळे मध्यंतराला पाच मिनिटं उरली की बॉयलरमध्ये थंड पाणी घालायचं नाही हा त्या खिडकीचा अलिखित कायदा. दुसरा कायदा: बॉयलर आणि 'पाय' (सारण भरून भाजलेला इंग्लिश पदार्थ) गरम ठेवायची काचेची पेटी एकाच एक्स्टेंशनवर लावायची नाही. लावली की 13 अँपियरचा फ्यूज उडतो आणि हे 'पाय' आतून गार राहतात. शेफील्डच्या बाजूला मांसाच्या 'पाय'बरोबर मऊ शिजवलेले वाटाणे येतात आणि त्यावर पुदिन्याचं आंबट पाणी किंवा हेंडरसन्स रेलिश. हे रेलिश 1885 पासून शेफील्डमध्येच बनतं. रंगाने काळपट, चिंच-व्हिनेगरचा आंबटपणा, मागे लवंगेची ऊब. आपल्या जिभेला ते लगेच पटतं. मांस न खाणाऱ्यांनी चिप्सवर घेऊन बघावं. रेलिशमध्ये मासळी नसते, बाजारातल्या बऱ्याच तशाच दिसणाऱ्या सॉसमध्ये असते. गारठ्यात कागदी कपातल्या चहाच्या वाफेने चष्मा धुकट होतो, वाटाण्यांचा हिरवा रस बोटांवरून ओघळतो, शेजारी मलमाचा तिखट वास कपडे बदलायच्या खोलीच्या दारातून येत असतो. ओल्या गवताचा आणि त्या मलमाचा मिळून जो वास होतो तो या मैदानांशिवाय कुठेच येत नाही.

हिवाळ्यात दिव्यांचं गणित वेगळं चालतं. डिसेंबरात शेफील्डला पावणेचारनंतर सूर्य मावळतो, म्हणजे तीनला सुरू झालेल्या सामन्याचा अख्खा उत्तरार्ध दिव्यांखाली. जुने मेटल हॅलाइड दिवे पूर्ण उजेड द्यायला काही मिनिटं घेतात, आणि मध्येच वीज गेली तर लगेच परत लागत नाहीत. दिवा आधी थंड व्हावा लागतो, त्यात दहा ते वीस मिनिटं जातात. खेळाडू ऊब टिकवायला जागच्या जागी उड्या मारतात आणि चहावाल्यांची विक्री वाढते. एलईडीचे दिवे बसवले की ही कटकट जाते आणि विजेचं बिलही उतरतं, पण बसवायचा खर्च मोठा. एखाद्या क्लबच्या दारात अनुदानाची पाटी दिसली तर ती बहुधा दिव्यांची नाहीतर कठड्याची असते.

सामना सुरू झाला की पहिलं काही जाणवतं ते आवाजाचं. कठडा रेषेपासून दोन मीटरच्या आसपास असतो. तिथे उभं राहिलं की टीव्हीवर कधी न ऐकलेलं फुटबॉल ऐकू येतं. दोन छात्या एकमेकींवर आदळल्याचा बोथट आवाज, नडगीच्या प्लॅस्टिकवर स्टड घासल्याचा खरखराट, गोलकीपर नव्वद मिनिटं सलग ओरडत असलेला. 'मॅन ऑन' म्हणजे मागून कुणी येतंय. 'अवे' म्हणजे विचार न करता लांब घालव. 'सेकंड बॉल' म्हणजे पहिली उडी कोण जिंकतं याकडे बघू नका, चेंडू पडेल तिथे आधी पोचा. ओरडणारे गोलकीपर आठवडाभर वेगळी नोकरी करतात, कुणी नळजोडणी, कुणी शाळेत. त्यांच्या खेळाची पातळी घरी बसून वाटते त्यापेक्षा बरीच वरची असते. कठड्यापाशी उभं राहून पाहिलं तर चेंडूचा वेग आणि त्यावर विचार करायला मिळणारा वेळ यांचा अंदाज येतो, आणि मग मोठ्या पडद्यावरच्या खेळाडूंबद्दलचाही आदर वाढतो.

उताराचं आणि वाऱ्याचं आधी बोललो. अशा मैदानावर नाणेफेक ही औपचारिकता राहत नाही. 2019 पासून नाणेफेक जिंकणाऱ्याला बाजू किंवा पहिली किक यांपैकी काहीही निवडता येतं, आणि उतारावर खेळणारे जाणते कर्णधार बाजूच घेतात. बरेच जण पूर्वार्धात चढाकडे खेळणं पसंत करतात, म्हणजे पाय थकल्यावर उतार मदतीला येतो. पण पाऊस यायची चिन्हं असतील तर उलट; कोरड्यात उताराचा फायदा उचलून घ्यायचा, नंतर चिखलात चढही तेवढाच आणि उतारही तेवढाच. वाऱ्याला पाठ करून खेळणारा संघ बहुतेक वेळा लांब चेंडू मारून वाया घालवतो, कारण चेंडू पळणाऱ्याच्या पुढे निघून जातो. वाऱ्याच्या तोंडावर खेळणाऱ्याला चेंडू जमिनीवर ठेवावाच लागतो आणि तो कित्येकदा बरं खेळतो. हे बघायला गोलच्या मागे उभं राहावं, बाजूने कळत नाही.

आणि गोलच्या मागेच लोक उभे राहतात. आपला संघ ज्या बाजूला हल्ला करतोय त्या बाजूला. मध्यंतराची शिट्टी झाली की ते झेंडे बांधलेले प्लॅस्टिकचे पट्टे कापतात, झेंड्यांची गुंडाळी करतात, चहा घेतात आणि मैदानाला वळसा घालून दुसऱ्या गोलच्या मागे जातात. पाहुण्या संघाचे चाहते समोरून येत असतात. दोन्ही घोळके अर्ध्या वाटेवर एकमेकांना ओलांडतात, कुणी टोमणा मारतं, कुणी रेलिश कुठे मिळालं विचारतं. मधे पोलीस नाहीत, जाळीच्या भिंती नाहीत. नॉन-लीगच्या खालच्या पातळ्यांवर बिअरचा ग्लास हातात घेऊन खेळ बघायलाही हरकत नसते, जी वरच्या 92 क्लबांच्या मैदानात कायद्याने आहे. एवढी मोकळीक असून बिघडतं फार क्वचित. माझ्या मते त्याचं एक कारण असं की इथे अनोळखी माणूस फार वेळ अनोळखी राहत नाही. ज्याने फाटकावर पैसे घेतले तोच पुढे लॉटरीची तिकिटं विकत येतो.

ती तिकिटं म्हणजे क्लबच्या कमाईचा खराखुरा भाग. गोल्डन गोल नावाचा एक प्रकार आहे: चिकटवलेलं तिकीट घ्यायचं, आत एक मिनिट छापलेलं असतं, पहिला गोल त्या मिनिटाला झाला तर बक्षीस. लीगच्या सामन्याची फाटकावरची रक्कम यजमान क्लब ठेवतो, आणि त्यातून रेफ्री आणि दोन लाइन्समन यांचं मानधन, दिव्यांचं बिल, पाण्याचं बिल जातं. म्हणून शनिवारी सामना रद्द झाला की नुसती सुट्टी फुकट जात नाही. आणलेले पाव शिळे होतात, आणि तोच सामना मंगळवारी रात्री पावणेआठला ठेवावा लागतो, जेव्हा येणारी माणसं कमी आणि दिव्यांचा खर्च पूर्ण. एफए कप या लहानमोठ्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या सुरुवातीच्या फेऱ्या ऑगस्टमध्ये खेळल्या जातात त्यांचं महत्त्व इथे कळतं. पहिल्या मुख्य फेरीत 80 संघ असतात, त्यांपैकी 32 नॉन-लीगचे. तिथवर पोचायला लहान क्लबला किती सामने जिंकावे लागतात याचा विचार केला की प्रत्येक फेरीचं बक्षीस कुठे खर्च झालं हे मैदानावर फिरताना दाखवता येतं. हा कठडा, ती छपराची पत्र्याची शेड, तो नवा बॉयलर.

गावोगावचे क्लब आता गवत काढून कृत्रिम हिरवळ घालतात, आणि त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण आठवड्यातून सातही दिवस मुलांना भाड्याने देता येणारं मैदान म्हणजे उत्पन्न, आणि पावसात रद्द न होणारा शनिवार. अडचण वर जाताना येते. वरच्या चार पातळ्यांवर कृत्रिम मैदान चालत नाही. 2020 मध्ये हॅरोगेट टाउनला आणि 2021 मध्ये सटन युनायटेडला वर चढल्यावर चांगली चालती हिरवळ उखडून गवत लावावं लागलं. गवत टिकवणं स्वस्त नाही. दर उन्हाळ्यात मैदान खरवडून, भोकं पाडून, वर 60 ते 100 टन वाळू पसरायची; मग चौरस मीटरला 35 ग्रॅमच्या हिशेबाने रायगवताचं बी, म्हणजे वीस किलोची अकरा-बारा पोती. वाळू टाळली की पहिल्या वर्षी काही दिसत नाही. तिसऱ्या हिवाळ्यात सामने रद्द व्हायला लागतात.

इथून वर गेलेल्यांची गोष्ट सगळ्यांना आवडते. शेफील्डच्या वायव्येला स्टॉक्सब्रिज आहे. तिथल्या क्लबकडून जेमी व्हार्डी आठवड्याला 30 पौंडांवर खेळायचा आणि दिवसा कारखान्यात काम करायचा. 2012 मध्ये लेस्टर सिटी या मोठ्या क्लबने त्याला दहा लाख पौंडांना घेतलं, 2016 मध्ये ते इंग्लंडचे विजेते झाले. गोष्ट खरी आहे आणि सुंदर आहे. तरी ती सतत सांगितली जाते तेव्हा खटकतं, कारण मग ही मैदानं म्हणजे कुठेतरी दुसरीकडे जाण्यासाठीचा थांबा वाटायला लागतात. पंधरा वर्षं त्याच क्लबकडून उजव्या बगलेवर खेळून, गुडघा गेल्यावर त्याच क्लबच्या मुलांना शिकवणारा माणूस अपयशी नसतो. तो नसेल तर क्लबच नसतो.

कोल्हापूरकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींचे संघ समोरासमोर आले की पेठ कशी बोलते हे त्याला ठाऊक आहे. तालमीच्या नावाने उतरणारा संघ आणि गावाच्या नावाने उतरणारा संघ यांच्यातलं नातं त्याला आपोआप कळतं. गर्दीच्या बाबतीत तर शाहू स्टेडियम इथल्या कित्येक मैदानांना लाजवेल. फरक आहे तो मैदानाचा. तिथे सगळ्या तालमी एका स्टेडियमवर खेळतात. इथे काहीशे माणसांच्या क्लबकडेही स्वतःची जमीन, स्वतःचं गवत आणि स्वतःचं फाटक असतं. ते वैभवही आहे आणि ओझंही. मोक्याच्या जागी जमीन असली की बांधकामवाल्यांचा डोळा पडतो. दक्षिण लंडनच्या डलिच हॅम्लेटला 2018 मध्ये स्वतःच्याच मैदानाबाहेर काढलं गेलं आणि नऊ महिने दुसऱ्याच्या मैदानावर खेळावं लागलं. ससेक्समधल्या लुइसचा क्लब 2010 मध्ये गावकऱ्यांनी स्वतःच्या मालकीचा करून घेतला आणि 2017 मध्ये बाईपुरुषांच्या संघांना सारखाच पैसा द्यायला सुरुवात केली. मालक कठड्यापाशी उभा असेल तर असे निर्णय होतात.

इंग्लंडात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींनी एखादा शनिवार असा काढावा. आंतरराष्ट्रीय सामन्यांमुळे मोठ्या लीगा बंद असतात तो आठवडा चांगला. 2010 पासून त्या सुमाराला दरवर्षी नॉन-लीग डे असतो. निघण्याआधी सकाळी अकराला क्लबची सूचना बघावी, पावसात सामना रद्द झाल्याचं तिथेच आधी कळतं. खिशात थोडे सुटे पैसे असू द्यावेत. फाटकावर कार्ड चालतं, लॉटरीच्या वहीला चालेलच असं नाही. एकला पोचावं. पूर्वार्ध वाऱ्याकडे पाठ करून गोलच्या मागे, उत्तरार्ध राखीव खेळाडूंच्या बाकाशेजारी, जिथून प्रशिक्षकाचं बोलणं ऐकू येतं. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना कठड्यावर बसवू नये. जोरात आलेला चेंडू तिथे सगळ्यात आधी लागतो.

आणि शेवटच्या शिट्टीनंतर लगेच निघू नये. पावणेपाचला खेळाडू आत जातात आणि पाच-सहा माणसं फोर्क घेऊन दिव्यांखाली मैदानात उतरतात. आधी दोन्ही गोलसमोरची जागा, मग मधला पट्टा. बुटाने उखडलेला गवताचा तुकडा सापडला की तो तिथेच बसवायचा. फोर्क खालून घालून माती वर उचलायची नाही, त्याने उरलीसुरली मुळं तुटतात. काटे खड्ड्याच्या कडेबाहेर तिरके घालून माती मधल्या बाजूला लोटायची, मग तुकडा ठेवून बुटाने दाबायचा, टाचेने नव्हे, तळव्याने. जिथे तुकडाच सापडत नाही तिथे बादलीतलं वाळू-माती-बियांचं मिश्रण मूठभर. हे त्याच संध्याकाळी व्हायला लागतं. उघडी मुळं रात्रीच्या दंवात मरतात आणि सकाळी बसवलेला तुकडा आठवड्याने पिवळा पडतो. दहा माणसं असतील तर चाळीस मिनिटांचं काम, पाच असतील तर सव्वा तासाचं, आणि बहुतेक वेळा पाचच असतात. कुणी कठडा ओलांडून पुढे आलं तर नाव विचारायच्या आधी फोर्क हातात देतात. थांबायचं असेल तर जाड तळाचे बूट घालून या, पातळ तळाच्या बुटाने मिश्रण नीट दाबलं जात नाही.